रकान्याला पूर्ण नाव द्या

14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीच्या बीडीडी चाळीतल्या 556 कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीतून 500 चौरस फुटांच्या घरात! वरळीत अशा 121 चाळी, एकेकीत 80 खोल्या. पुनर्विकासाचे काम अजून बरेच बाकी आहे. पात्रता, वारस नोंदी, घरवाटप असे काम आता संगणकातल्या याद्यांवर चालते. म्हणून त्या याद्यांतल्या रकान्यांची नावे ही केवळ प्रोग्रामरची बाब राहत नाही.

चाळीतला माणूस पत्ता सांगताना नुसते ‘बारा नंबर’ म्हणत नाही. आधी चाळ, मग खोली. कारण बारा नंबरची खोली चाळीगणिक आहे. यादी बनवणारा मात्र सर्रास ‘क्र’ आणि ‘क्र2’ असे रकाने टाकून मोकळा होतो. पुढे दुसराच कोणी भाडेकरूंची यादी भाडेपावत्यांच्या यादीशी जोडायला क्वेरी, म्हणजे संगणकाला द्यायचा शोध-आदेश, लिहितो, ‘क्र’ला ‘क्र’ जुळवतो, आणि एकाच भाडेकरूसमोर साऱ्या चाळींतल्या बारा नंबरच्या पावत्या येऊन पडतात. संगणक तक्रार करत नाही. त्याच्या लेखी क्वेरी बिनचूक असते. तेच रकाने ‘चाळ_क्रमांक’ आणि ‘खोली_क्रमांक’ असते, तर अर्धी अट राहून गेल्याचे नुसत्या वाचनात कळले असते.

‘नाव’ मूळ भाडेकरूचे की आज राहणाऱ्या वारसाचे? ‘क्षेत्रफळ’ जुन्या खोलीचे की नव्या घराचे, आणि चौरस फुटांत की चौरस मीटरमध्ये? हे रकान्यानेच सांगायला हवे.

सर्वांत घातक म्हणजे ‘स्थिती = 0’. शून्य म्हणजे अपात्र, की निर्णय व्हायचा आहे? वारस दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्या बाईचा अर्ज त्या शून्यात गेला, की अपात्रांच्या यादीत तिचे नाव छापून येऊ शकते. ‘पात्रता_निर्णय’ असा रकाना आणि त्यात ‘पात्र’, ‘अपात्र’, ‘प्रलंबित’ असे सरळ शब्द लिहायला कितीसा वेळ लागतो? घाईची सबब इथे चालू नये.

सरकारी याद्यांचे काम देताना प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारा तक्ता यादीसोबत सक्तीने मागावा. तो मराठीत असावा, आणि भाडेकरूंच्या हातीही द्यावा.