आभाळात वायरलेस, रुळावर शिटी



आमच्या अहिवाऱ्याजवळ भिलाई स्टील प्लांटची नंदिनी धावपट्टी आहे. तिथेच चुनखडीची खाण. त्यामुळे विमान आणि मालगाडी, दोन्ही आमच्या ओळखीची.

विमानात प्रवाशांना वायरलेस इंटरनेट देणाऱ्या यंत्रांना प्रचंड बाजारपेठ आहे, असे व्यापारी पाने छातीठोकपणे सांगतात. बोईंगनेही तेच सांगितले होते. २००४ साली सेवा सुरू केली आणि पैसे मोजणारे प्रवासी पुरेसे मिळेनात म्हणून २००६ साली गाशा गुंडाळायचे ठरवले. यंत्र स्वस्त नाही. अँटेनाचे कुबड विमानाच्या पाठीवर बसते, त्याने इंधनही जास्त जळते. तरी धंदा पुन्हा उभा राहिला. आपल्याकडे २०१८ साली नियम झाले. जानेवारी २०२५ पासून एअर इंडियाने देशातल्या काही विमानांत ही सेवा सुरुवातीपुरती फुकट दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सोडलेल्या जीसॅट-एन२ या सरकारी कंपनीच्या उपग्रहातही विमानातल्या इंटरनेटची सोय आहे.

आमचा याला विरोध नाही. उद्या आमची पोरेही विमानात बसतील.

विरोध आहे तो 'तंत्रज्ञान अजून तयार नाही' या साहेबी उत्तराला. ताशी आठशे किलोमीटरने उडणाऱ्या विमानाला सिग्नल सापडतो आणि रुळावर चालणाऱ्या कीमनला सापडत नाही? 'रक्षक' नावाचे व्हीएचएफ यंत्र रेल्वेनेच आणले. गाडी येत असली की ते थरथरते, दिवा लागतो, भोंगा वाजतो. ज्या गँगला ते मिळालेले नाही, तिच्याकडे लाल झेंडी, शिटी आणि स्वतःचे कान. विजेचे इंजिन वळणावर ऐकू येत नाही. एक गाडी चुकवायला माणूस शेजारच्या लाइनवर सरकतो, आणि दुसरी तिथूनच येते.

डॉ. अनिल काकोडकर समितीने २०१२ साली लिहून दिले : २००७-०८ ते ऑक्टोबर २०११ या काळात सुमारे सोळाशे रेल्वे कर्मचारी कामावर मेले. गाड्यांच्या अपघातात मेलेल्या प्रवाशांपेक्षा हा आकडा मोठा होता. त्यावर किती अग्रलेख निघाले?

विमानातला प्रवासी गिऱ्हाईक आहे, म्हणून त्याच्यासाठी बाजार धावतो. ट्रॅकमन कुणाचेच गिऱ्हाईक नाही. त्याच्यासाठी यंत्र बाजार घेणार नाही, रेल्वे बोर्डानेच घ्यायचे आहे. तेव्हा प्रत्येक गँगला आणि प्रत्येक कीमनला रक्षक मिळालेच पाहिजे. ते मिळेपर्यंत एकट्या माणसाला लाइनवर पाठवू नका.