चक्करची गोळी किती दिवस?

नौपाड्यात चार घरची कामं करणाऱ्या आमच्या वस्तीतल्या एक मावशी गेल्या पावसाळ्यात विहारात वंदनेला खाली वाकल्या आणि तशाच कलंडल्या. "सगळं गरगर फिरतंय गं," एवढंच बोलल्या. कुणी म्हणालं बीपी, कुणी म्हणालं अशक्तपणा. एक जण तर हळूच 'बाहेरचं' म्हणालीच, आपल्यातसुद्धा अजून म्हणतात. मी मावशींची पिशवी उघडली. आत चक्करच्या गोळ्यांची तीन पाकिटं. चिठ्ठी दीड वर्षापूर्वीची, तीही पाच दिवसांची. तेव्हापासून मेडिकलवाल्याला रिकामं पाकीट दाखवायचं आणि नवं घ्यायचं, असं चाललेलं.

त्यांचा हात हातात घेतला तर बोटं थरथरत होती. पाय ओढत चालत होत्या. घरचे म्हणत होते, वय झालं. वय किती, तर बावन्न!

पाकिटावर नाव होतं प्रोक्लोरपेराझिन. उलटी आणि गरगर थांबवायला हे चांगलं औषध आहे. मी वॉर्डात असताना कितीतरी पेशंटला दिलंय आणि तासाभरात माणूस शांत झोपलेला पाहिलाय. पण ते दोन-चार दिवसांचं औषध. महिनोन् महिने घेतलं तर कंपवातासारखी थरथर आणि जडपणा येऊ शकतो, उतारवयात तर जास्तच. सिनॅरिझिन नावाच्या गोळीचंही तसंच आहे. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना सांगितली जाते. कानाचा तोल बिघडला की मेंदू हळूहळू तो सांभाळायला शिकतो. या गोळ्या मेंदूला गुंगीत ठेवतात, मग ते शिकणंच लांबतं.

तोल सांभाळणारं यंत्र कानाच्या अगदी आत असतं, हे आपल्याला शाळेत धड शिकवलं नाही. तिथे चुन्याचे बारीक खडे असतात. ते जागेवरून सुटून शेजारच्या नळीत शिरले की कूस बदलताना, वाकताना, वर बघताना घर फिरतं. एक मिनिटाच्या आत थांबतं, पुन्हा हललं की पुन्हा येतं. मावशींचं हेच होतं. दोरीवर कपडे वाळत घालताना, स्टुलावर चढून पंखा पुसताना त्यांना गरगरायचं. खाडा झाला की पगार कापला जातो, म्हणून गोळी खाऊन त्या पुन्हा स्टुलावर चढायच्या. मला त्या गरगरीपेक्षा त्या स्टुलाची जास्त भीती वाटते.

खडे सरकल्यावर ते गोळीने जागेवर जात नाहीत. डॉक्टर पेशंटला टेबलावर डोकं वळवून झटकन आडवं करतात आणि बुबुळं कशी फडफडतात ते बघतात. मग डोकं ठरलेल्या क्रमाने वळवत खडे बाहेर काढतात. जॉन एप्ली या अमेरिकन डॉक्टरांनी ही पद्धत १९९२ साली सविस्तर लिहून ठेवली. दहा मिनिटांचं काम. सुई नाही, मशीन नाही. मोबाइलवर बघून घरी करू नका, पहिल्यांदा जाणकाराकडूनच करून घ्या. मानेचं दुखणं असेल तर आधी सांगा.

सगळ्यांची चक्कर एकच नसते. मेनियरच्या आजारात कान भरल्यासारखा होतो, आत आवाज येतो, ऐकू कमी येतं आणि गरगर काही तास टिकते. त्यात मीठ कमी करायला सांगतात. आपल्याकडे म्हणजे सुकट, खारे बोंबील, पापड, लोणचं. यात बीटाहिस्टिन देतात, ज्याला बरेच जण व्हर्टिन म्हणून ओळखतात. ती जेवणानंतर घ्यायची. दमा किंवा पोटात अल्सर असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. पण २०१६ साली जर्मनीतल्या २२१ मेनियरच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ महिने काहींना बीटाहिस्टिन आणि काहींना नुसती दिसायला तशीच गोळी दिली होती. झटके सगळ्यांचेच कमी झाले, खऱ्या गोळीने जास्त कमी झाले असं दिसलं नाही. काही पेशंट मला सांगतात, आम्हाला बरं वाटतं. वाटत असेल, मी भांडणार नाही. पण दर महिन्याला पैसे घालताना 'अजून किती दिवस?' हे विचारायचा हक्क आपला आहे. डॉक्टर चिडले तरी विचारा आणि दिवस चिठ्ठीवर लिहून घ्या.

वर्षभर चक्करची गोळी घेत असाल तर हे वाचून लगेच फेकून देऊ नका. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. बीपी, शुगर, फिट यांच्या गोळ्या तर मनाने अजिबात बंद करायच्या नाहीत. चक्करबरोबर तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, एका बाजूची ताकद गेली किंवा उभंच राहता येईना, तर तो कानाचा आजार धरून बसू नका. सरळ १०८ ला फोन करा.

माझी तक्रार मेडिकलवाल्यापेक्षा व्यवस्थेवर जास्त आहे. नौपाड्यात पावलोपावली दवाखाने आहेत, पण दोन मिनिटांत पेशंट बाहेर काढायचा तर गोळी लिहिणं सोपं, टेबलावर झोपवणं अवघड. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे, पण तिथे जायचं म्हणजे बाईचा एक खाडा. ही तपासणी आणि खडे बसवणं महापालिकेच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि नर्सेसना शिकवता येईल. लागतं एक टेबल आणि दहा मिनिटं. नर्सला जमणार नाही असं कुणी म्हणालं तर मला बोलवा.

मावशींना मी एका सरकारी ओपीडीत नेलं. दोन वेळा डोकं वळवून घेतलं आणि गरगर थांबली. डॉक्टरांनी ती गोळी बंद केली. थरथर जायला मात्र चार महिने लागले. पंखे आता त्या घरातला मुलगा पुसतो, तेवढं मावशींनी बाईंना स्पष्ट सांगितलंय.