टक्का, पत्ता आणि पेन्शन

दिव्यांगांच्या सरकारी लाभांचा पाया 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्याने दिव्यांगत्वाचे मान्य प्रकार 7 वरून 21 केले. बहुतेक लाभांना किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्रावर 40 ते 79 टक्क्यांना पिवळा पट्टा मिळतो, 80 पासून निळा. केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शन निळ्या पट्ट्यालाच आणि तीही दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला मिळते. त्यात 80 वर्षांखालील व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा महिना 300 रुपये, 2012 पासून तेवढाच. याला आधार म्हणणे धाडसाचेच.

मध्य प्रदेशातल्या रामाकोन्यासारख्या सीमाभागातल्या गावात खरी गुंतागुंत पत्त्याची. ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातल्या या मराठी मुलखाची सोयरीक नागपूरकडे आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देशभर चालते, राज्याची पेन्शन मात्र रहिवाशालाच. महाराष्ट्रातल्या सावनेरहून इकडे सौंसरला सासरी आलेल्या दिव्यांग सुनेला समग्र आयडी हा इथला ओळख क्रमांक काढून मध्य प्रदेशात नव्याने अर्ज करावा लागतो. उलट दिशेने अडचण मोठी, कारण महाराष्ट्राची संजय गांधी निराधार योजना 15 वर्षांचे वास्तव्य मागते.

रेल्वेच्या सवलतीचा हिशेब आणखी वेगळा. अस्थिव्यंग प्रवाशाचा नुसता टक्का तिथे पुरत नाही. सोबत्याशिवाय प्रवास अशक्य असावा लागतो. तसे असल्यास स्लीपरच्या भाड्यात दोघांनाही 75 टक्के सूट मिळते.

तेव्हा लग्न, नोकरी किंवा स्थलांतराने राज्य बदलणाऱ्यांनी जुन्या पेन्शनच्या भरवशावर न राहता नव्या गावचा अर्ज आधी करावा.