अभिनंदनाचा फळा

आमच्या महाविद्यालयात जिन्याखाली एक फळा आहे. एका बाजूस दिनविशेष, मध्ये ठळक बातम्या आणि दुसऱ्या बाजूस लाल खडूने 'हार्दिक अभिनंदन'. तो लिहिण्याचे काम गेले दीड वर्ष माझ्याकडे आहे. यात माझे कर्तृत्व एवढेच की अक्षर बरे आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे 'पोरगी कॉलेजात फळ्यावर लिहिते' ही बातमी वडिलांनी बाजार समितीतल्या सगळ्या हमालांना सांगून टाकली. मी तिथे शिकवते असा त्यांतल्या काहींचा समज झाला आहे आणि वडिलांनी तो अजून दुरुस्त केलेला नाही.

बातम्या लिहिणे सोपे. पेपर पुढे ठेवावा नि उतरवावे. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली, ती बातमी मीच लिहिली. वय १९, म्हणजे माझ्याच बरोबरीची. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा सांगलीच्या स्मृती मानधनाचे नाव मी दोनदा गिरवून ठळक केले. दोन्ही वेळा मला निखळ आनंद झाला. पोटात कुठे दुखले नाही.

दुखले ते माझ्या मैत्रिणीचे नाव लिहिताना. आम्ही दोघी एकाच गावच्या, एकाच एसटीने येणाऱ्या. क्रॉस कंट्रीच्या सरावाला पहाटे बरोबरच पळायचो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्या सहा जणींची विद्यापीठाच्या संघात निवड व्हायची होती. ती चौथी आली, मी नववी. दुसऱ्या दिवशी सरांनी चिठ्ठी दिली, "हे फळ्यावर घे." फळ्याशेजारचे दार उघडले की त्याचा एक कोपरा झाकला जातो. दार दिवसभर उघडेच असते. मी तिचे नाव त्या कोपऱ्यात लिहिले.

जागा नव्हती असे मी मनाला सांगितले. खरे म्हणजे जागा होती. दिनविशेषाच्या खाली मी एक कमळही काढले होते.

तिने दुपारी दार लोटले, नाव वाचले आणि पुन्हा दार होते तसे उघडून ठेवले. एसटीत मला म्हणाली, "अक्षर मातर झ्याक काढलंयस हां." त्यापुढे गावापर्यंत ती काही बोलली नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. तेव्हापासून मी या अभिनंदनाचा विचार करते आहे. माझे मत असे झाले आहे की, आपण यश लिहितो तेव्हा ते एकट्या माणसाचे करून टाकतो, आणि एकट्याचे यश शेजाऱ्याला बोचते. चौकातला फ्लेक्स पाहा. ज्याचे अभिनंदन त्याचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा, भोवती वीस शुभेच्छुक, आणि त्या विसात त्याची आई नसते.

आमच्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीतले ब्राँझ पदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले. (आमच्या प्राध्यापकांनी घाबरू नये, मी नववी आले आहे.) खाशाबा परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पदकात ज्यांचा रुपया-दोन रुपये होता, त्यांना हेवा कशाला वाटेल?

पण हे लिहिताना माझेच मन मला अडवते. पहाटे मोबाईल हातात धरून तिची वेळ मीच मोजत होते. म्हणजे वर्गणी माझीही होती, तरी मी तिला दाराआड लपवली. याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

मी सरांना विचारले, नावाखाली आणखी एक ओळ लिहू का? या यशामागे कोण उभे होते, त्याची. सर म्हणाले, "जागा पुरली तर लिही." मी कमळे बंद केली.

सगळ्यांनाच हे आवडते असे नाही. आमच्या ओळखीची एक मुलगी तिसऱ्या वेळी बारावी पास होऊन यंदा प्रथम वर्षाला आली. चुलतीने कर्णफुले मोडून तिची फी भरली. हे मला फळ्यावर घ्यायचे होते. ती म्हणाली, "ताई, नको. तिसऱ्यांदा म्हणून लिहावं लागंल." मी लिहिले नाही. तिचे बरोबर होते.

मैत्रिणीचे नाव मात्र मी पुन्हा लिहिले, या वेळी मधोमध. खाली ओळ घातली : 'तिला पहाटे पळता यावे म्हणून सहा महिने म्हशीची धार काढणारा धाकटा भाऊ.' तो आठवीत आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मुद्दाम फळा बघायला आला. दोनदा वाचले, ओळीवरून बोट फिरवून थोडा खडू पुसला आणि मला विचारले, "माझं नाव का न्हाई घातलं?"

मी खडू त्याच्या हातात दिला.