महागडा नको, बरोबर प्लग विका!



स्पेअर पार्टचं दुकान किंवा छोटं गॅरेज काढायचं ठरवलेल्या तरुणांचा एक प्रश्न हमखास असतो. "सर, जास्त मार्जिन कशात?" यावर ठरलेलं उत्तर म्हणजे महागातला माल पुढे करा. माझं मत याच्या उलट आहे आणि आज ते एका बोटाएवढ्या वस्तूवरून सांगणार आहे, ती म्हणजे गाडीचा स्पार्क प्लग.

माझं म्हणणं सोपं आहे. प्लग महाग की स्वस्त हे नंतर बघायचं. तो त्या इंजिनाचाच आहे का, हे आधी बघायचं. जो दुकानदार हा क्रम पाळतो, त्याचं दुकान टिकतं. कारण चुकीच्या प्लगने गिऱ्हाइकाचं इंजिन कामाला येतं, आणि त्यानंतर तो तुमच्या दुकानाची पायरी कधीच चढत नाही. वर दहा जणांना सांगतो, ते वेगळंच.

"गाडी कोणती?" एवढं विचारून भागत नाही

काउंटरवर चार गोष्टी विचारा: मॉडेल, साल, इंजिन कोणतं, आणि गाडी पेट्रोल, सीएनजी की डिझेल. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. तिथे असतो तो ग्लो प्लग, ज्याला आपले मिस्त्री हीटर प्लग म्हणतात. किती प्लग द्यायचे हेसुद्धा गृहीत धरू नका. तीन सिलिंडरला तीन आणि चार सिलिंडरला चार, हा साधा हिशोब. पण जुन्या होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनात चार सिलिंडरला आठ प्लग लागतात. चारच देऊन पाठवलंत, तर गॅरेजवाला तुम्हालाच हसणार.

मग मॅन्युअल किंवा प्लग कंपनीचा कॅटलॉग उघडा. जुना प्लग हातात आला तरी फक्त त्याच्यावर विसंबू नका. आधीच्या माणसाने चुकीचा बसवलेला असू शकतो.

दिसायला सारखे, पण एकाच माळेचे मणी नाहीत

प्लग निवडताना या गोष्टी जुळल्याच पाहिजेत:

१. आट्यांचा व्यास. १४, १२ किंवा १० मिमी.

२. आट्यांची लांबी, म्हणजे रीच. इथे खरा धोका आहे. १९ मिमीच्या जागी २६.५ मिमीचा प्लग गेला तर तो पिस्टनवर आपटू शकतो. आखूड गेला तर हेडमधले उघडे राहिलेले आटे काजळीने भरतात आणि पुढच्या वेळी बरोबर प्लगही नीट बसत नाही.

३. बैठक. काही प्लगला वॉशर असतो, काहींची बैठक निमुळती असते. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

४. रेझिस्टर. प्लगच्या ठिणगीमुळे रेडिओत खरखर येते आणि इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये गडबड होऊ शकते. ती दाबायला आत रेझिस्टर असतो. आजच्या गाड्यांना तो लागतोच.

५. गॅप. साधारण ०.७ ते १.१ मिमीच्या दरम्यान, पण नेमका आकडा मॅन्युअलमधलाच घ्यायचा.

६. हीट रेंज. याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून थोडं थांबून बोलू.

'हॉट' आणि 'कोल्ड' म्हणजे काय?

हॉट प्लग म्हणजे जास्त गरम ठिणगी, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. हीट रेंज म्हणजे प्लग आपल्या टोकाची उष्णता हेडकडे किती लवकर सोडतो, ते. चहा स्टीलच्या पेल्यात घेतला की बोटांना लगेच चटका बसतो, जाड कपात बसत नाही. कोल्ड प्लग स्टीलच्या पेल्यासारखा, उष्णता झटकन पुढे देणारा. हॉट प्लग ती धरून ठेवतो.

प्लगचं टोक साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये राहिलं पाहिजे. त्याखाली राहिलं तर काजळी जळून जात नाही, साचत जाते. त्याच्या फार वर गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेट घेतं आणि पिस्टनचं नुकसान होतं. म्हणून "एक नंबर इकडे-तिकडे चालतो हो" असं कुणी म्हटलं, तर मान डोलावू नका.

आता या नंबरातली खरी मेख बघा. एनजीके आणि डेन्सोमध्ये नंबर जितका मोठा तितका प्लग कोल्ड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये बरोब्बर उलटं, नंबर मोठा म्हणजे प्लग हॉट! एनजीकेचा 'बीपीआर ६ ईएस', बॉशचा 'डब्ल्यूआर ७ डीसी', डेन्सोचा 'डब्ल्यू २० ईपीआर-यू' आणि चॅम्पियनचा 'आरएन ९ वायसी' हे चारही एकमेकांच्या जागी चालणारे प्लग आहेत. ६, ७, २० आणि ९! नुसता आकडा बघून कंपनी बदललीत, तर फसलात. जुळवणीचा तक्ता असल्याशिवाय 'हाच चालेल' म्हणायचं नाही.

अक्षरांचंही तसंच. 'बीपीआर ६ ईएस'मधला 'ई' १९ मिमी लांबी सांगतो. त्या जागी 'एच' आला की लांबी १२.७ मिमी. 'आर' म्हणजे रेझिस्टर. शेवटी '-११' असेल तर गॅप १.१ मिमी. तासभर बसलात तर ही भाषा शिकून होते, आणि आपल्या भागातल्या निम्म्या दुकानांच्या पुढे तुम्ही जाता.

इरिडियम: सोन्याची सुरी

सोन्याची सुरी असली म्हणून कुणी ती उरात खुपसून घेत नाही. इरिडियमचं तसंच आहे. धातू उत्तमच. निकेल साधारण १,४५५ अंशाला वितळतं, प्लॅटिनम १,७६८ला, इरिडियम २,४४६ला. त्यामुळे इरिडियमचं टोक खूप बारीक करता येतं, ठिणगी सहज पडते आणि झीज कमी होते. पण "इरिडियम टाका, पिकअप आणि अ‍ॅव्हरेज एकदम वाढेल" हे विकायचं वाक्य झालं. जुना प्लग झिजला असेल तर बरोबर नंबरच्या साध्या नवीन प्लगनेसुद्धा फरक जाणवतो. चार टोकांच्या प्लगचंही तेच. ठिणगी एका वेळी एकाच टोकाकडे जाते, चारही ठिकाणी नाही.

मग इरिडियम कधी द्यायचा? कंपनीने सांगितला असेल, तर दुसरा विचारच नको. कॅटलॉगमध्ये त्या इंजिनासाठी साधा आणि इरिडियम दोन्ही असतील, तर गिऱ्हाइकासमोर कागदावर हिशोब मांडा. पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुम्ही तुमच्या बाजारातले घाला.

समजा, साधा प्लग १५० रुपये, आयुष्य ३५,००० किमी. लाँग लाइफ इरिडियम ६०० रुपये, आयुष्य ९०,००० किमी. चार सिलिंडरची गाडी, बसवण्याची मजुरी ३०० रुपये. साध्याचा खर्च ९०० रुपये, म्हणजे किलोमीटरला सुमारे २.६ पैसे. इरिडियमचा २,७०० रुपये, म्हणजे ३ पैसे. साधा स्वस्त पडला!

आता हीच गाडी टॅक्सी आहे असं धरा. गॅरेजला थांबण्यात दर वेळी ७०० रुपयांचा धंदा बुडतो. साधा १,६०० रुपयांत, किलोमीटरला ४.६ पैसे. इरिडियम ३,४०० रुपयांत, ३.८ पैसे. उत्तर उलटलं! तेव्हा उत्तर प्लगच्या किमतीत नसतं, गिऱ्हाइकाच्या धंद्यात असतं. हे त्याला समजावून सांगणारा दुकानदार त्याचा सल्लागार होतो, आणि सल्लागाराशी कुणी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. सगळे इरिडियम एकसारखे टिकत नाहीत. काहींचं फक्त मधलं टोक इरिडियमचं आणि बाहेरचं निकेलचं असतं. त्यांना लाखभर किलोमीटरचं वचन देऊन बसू नका.

सीएनजीच्या गाडीला जास्त जपा

सीएनजी आणि हवेचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. प्लग झिजून गॅप वाढला की गाडी पेट्रोलवर ठीक चालते, पण गॅसवर मिस मारते. अशी तक्रार आली की आधी प्लग तपासा. वाढलेल्या गॅपचा ताण इग्निशन कॉइलवर येतो, आणि कॉइल प्लगपेक्षा कितीतरी महाग असते. म्हणून गॅसवर रोज धावणाऱ्या गाडीचा प्लग वेळेत बदलायला सांगणं हे अपसेल नाही, काळजी आहे.

"सर, मग कमाई कुठून?"

कामातून! जुना प्लग काढला की तो इंजिनाची तब्येत सांगतो. फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर चोंदलाय किंवा गाडी फक्त जवळच्या जवळच फिरतेय. ओलसर, तेलकट असेल तर इंजिन ऑईल खातंय. पांढरा पडून फोड आले असतील तर इंजिन जास्त तापतंय. गिऱ्हाइकाला तो प्लग हातात घेऊन दाखवा. पुढचं काम आपोआप तुमच्याकडे येतं, आणि ते खरोखर गरजेचं असतं.

बसवतानाही घाई नको. इंजिन थंड होऊ द्या, भोवतीची धूळ हवेने उडवा, सुरुवातीचे आटे हातानेच लावा, मग टॉर्क पाना. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर १४ मिमीच्या वॉशरवाल्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात. ताकद लावून आवळला आणि हेडचे आटे गेले, तर महिन्याची कमाई एका दुपारी जाते.

आणि माल अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडून, पक्क्या बिलावरच घ्या. नकली प्लग खोक्यावरून ओळखणं अवघड असतं. वीस रुपये वाचवायला घेतलेल्या नकली मालावर नाव कंपनीचं असतं, पण शिव्या तुमच्या दुकानाला बसतात.

या आठवड्याचा गृहपाठ

एक वही घ्या. तुमच्या भागात सगळ्यात जास्त दिसणाऱ्या दहा गाड्या निवडा. प्रत्येकीपुढे साल, इंजिन, इंधन, प्लगची संख्या, प्लगचा नंबर, गॅप आणि टॉर्क लिहा. माहिती मॅन्युअल आणि कॅटलॉगमधूनच घ्या, ऐकीव नको. दुकान उघडायच्या आधी ही वही तयार असेल, तर भांडवलाचा पहिला हप्ता तुम्ही भरलात असं समजा.

महागडा माल कुणीही विकतो. "तुमच्या गाडीला हा लागत नाही, साधाच न्या" असं सांगायला धंद्याची जाण लागते आणि थोडी हिंमतही. ती दाखवा, गिऱ्हाईक पुढच्या गाडीसाठीही तुमच्याकडेच येईल.