लाल रंग कुणी पळवला?

पेडण्याकडच्या एका जुन्या देवळात मध्यंतरी जाणे झाले. प्रदक्षिणेच्या अरुंद वाटेवर, जिथे दिवसाही धड उजेड पोचत नाही, तिथे कावी चित्रांचा हातभर पट्टा अजून शिल्लक आहे. सोबतच्या स्नेह्यांनी खिशातून नवीकोरी टॉर्च काढली. बाराशे ल्युमेन! भिंतीवर असा लख्ख झोत पडला की डोळे दिपले. आणि दिसले काय? राखेत चहा सांडावा तसले काहीतरी. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर कावेचा तांबडा थर द्यायचा आणि तो खरवडून खालची पांढरी रेघ उमटवायची, एवढाच त्या कलेचा संसार. दोनच रंग. त्यातला एक त्या बाराशे ल्युमेनांनी गिळून टाकला होता. मग मी माझी जेमतेम तीनशे ल्युमेनची टॉर्च लावली. वेलबुट्टी भिंतीतून पुढे आली, कमळाच्या पाकळ्या मोजता आल्या. मागे उभे असलेले भटजी म्हणाले, "हां, आता आमची भिंत दिसली."

स्नेही म्हणाले, "तुझा उजेड पिवळा आहे रे, म्हणून तसे वाटते."

हे 'वाटणे' नव्हे, म्हणून हा लेखप्रपंच. बाराशे ल्युमेनवर पिवळी काच बसवली असती तर भिंत पिवळट राखेसारखी दिसली असती, तांबडी नव्हे. ज्या प्रकाशात लाल मुळात नाहीच, तो भिंतीवर आपटून लाल होऊन परत येणार कसा? माझे म्हणणे सरळ आहे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक एलईडी टॉर्चमधून लाल रंग काढून घेतलेला असतो, तो मुद्दाम काढलेला असतो, आणि ही चोरी 'जास्त प्रकाश' या नावाखाली आपल्यालाच विकली जाते.

मुद्दाम कशी ते पाहा. ल्युमेन हे माप माणसाच्या डोळ्याच्या संवेदनेवर बेतलेले आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतो. गडद लाल म्हणजे ६५० नॅनोमीटर धरले, तर तिथे ही दाद जेमतेम दहावा हिस्सा उरते. म्हणजे ल्युमेनच्या परीक्षेत हिरवट-पिवळ्याला दहापैकी दहा आणि लालला दहापैकी एक. कारखानदाराला तेवढ्याच विजेत डब्यावर मोठा आकडा छापायचा असेल तर तो काय करील? लालवर वीज कशाला घालवील? सगळा माल हिरवट-पिवळ्यात ओतील आणि मोकळा होईल. थोडी हिरवी झाक आली तरी बिघडत नाही, उलट आकडा चढतो.

आणि एलईडीची घडणही या कामाला सोयीची. पांढरी एलईडी ही मुळात निळी एलईडी असते. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ साली झगझगीत निळी एलईडी करून दाखवली. १९९६ मध्ये त्याच कंपनीने तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप देऊन पांढरी एलईडी बाजारात आणली. पुढे २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना मिळाले, ते या निळ्या दिव्याबद्दलच. तर निळा अधिक पिवळा म्हणजे डोळ्याच्या लेखी पांढरा. पण हा पांढरा म्हणजे नाटकातला पांढरा घोडा, लांबून घोडा, जवळ गेल्यावर दोन माणसे. त्यात निळ्याचा एक सुळका असतो, पिवळ्याचा एक उंचवटा असतो, मध्ये आकाशी रंगाच्या जागी खड्डा आणि लाल टोकाला उतरती कळा. लाल हवा असेल तर लाल फॉस्फर वेगळा मिसळावा लागतो. तो मिसळता येतो, मिसळलेल्या एलईडी विकतही मिळतात. पण मिसळला की ल्युमेन पाचव्या-चौथ्या हिश्श्याने घटतात आणि शेजारच्या डब्यावरचा आकडा मोठा दिसू लागतो.

यावर उपाय म्हणून सीआरआय नावाचा निर्देशांक आहे, असे जाणकार सांगतील. वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचे शंभरपैकी मार्क. आपल्या जुन्या तारेच्या बल्बला शंभर, साध्या थंड पांढऱ्या टॉर्चला सत्तरच्या आसपास. ऐकायला छान. पण हा निर्देशांक १९६५ चा, १९७४ मध्ये सुधारलेला, आणि तो आठ फिक्कट रंगांच्या नमुन्यांची सरासरी काढतो. फिक्कट! धुवून धुवून विटलेल्या लुगड्यासारखे आठ रंग. खरा भडक लाल हा नववा नमुना, आर९, आणि तो सरासरीत धरतच नाहीत. त्यामुळे डब्यावर अभिमानाने 'सीआरआय ८०' छापलेल्या दिव्याचा आर९ शून्याच्या जवळपास असू शकतो, आणि सत्तरवाल्याचा तर शून्याच्याही खाली जातो. ऐंशी टक्के मिळवून पहिल्या वर्गात पास झालेला मुलगा मराठीत नापास, अशातली गत. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या प्रकाशतज्ज्ञांच्या संस्थेने नव्व्याण्णव नमुन्यांची टीएम-३० ही चांगली पद्धत काढली, पण ती टॉर्चच्या डब्यापर्यंत कुठली पोचायला?

डब्याचेच बोलायचे तर टॉर्चसाठी एफएल१ नावाचे अमेरिकी मानक २००९ साली आले. प्रकाश किती, झोताची तीव्रता किती, तो किती लांब पोचतो, सेल किती वेळ चालतो, पडली तर टिकते का, पाण्यात चालते का, या सहा गोष्टी त्यात आल्या. उजेड किती लांब पोचतो याची व्याख्यासुद्धा मोठी गोड आहे: पाव लक्सपर्यंत, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरेपर्यंत. चांदण्यापर्यंत ज्यांची दृष्टी गेली त्यांना रंगाचे एक चिन्ह सुचू नये? पाण्याचा थेंब काढला, पडणारी टॉर्च काढली, घड्याळ काढले. रंगाला चौकोन नाही. आणि जे डब्यावर नाही ते कुणी विचारत नाही, आणि कुणी विचारत नाही म्हणून ते डब्यावर येत नाही.

आपल्या बाजारात तर हे मानकही दूरच. म्हापशाला एका दुकानात मी सीआरआय विचारला तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे दयेने पाहिले. "हें व्हर बाब, धा हजार ल्युमेन!" आत एक १८६५० चा सेल. त्या सेलमध्ये मावणारी ऊर्जा बारा वॉट-तासांच्या आसपास. जोरात चालवलेल्या एलईडीकडून वॉटला शंभर-दीडशे ल्युमेन मिळाले तर पुष्कळ. दहा हजार ल्युमेन खरेच निघाले तर सेल दहाएक मिनिटांत संपेल, आणि त्याआधी माझा हात भाजेल. असो.

आता हौशी मंडळींकडे वळतो, कारण चोरी पकडून देणारे तेच आणि वाट चुकलेलेही तेच. टॉर्चचा शौक असलेल्यांची एक जमात जगभर आहे. एकच टॉर्च चार वेगवेगळ्या एलईडी बसवून घेतील, घुमट कापतील, सोल्डरिंग करतील. यांनीच निचियाच्या २१९बी या इवल्याशा एलईडीला डोक्यावर घेतले. तिच्या ४५०० केल्विनच्या एका प्रकारात सीआरआय नव्वदच्या वर आणि आर९ ऐंशीच्या वर असतो. म्हणजे ज्या कंपनीने लालविना पांढरा दिवा जगाला दिला, तिनेच पुढे लाल परतही केला. ल्युमिनसची एसएसटी-२० आहे, तिच्या ४००० केल्विनच्या एका प्रकाराचा सीआरआय पंच्याण्णव. या वस्तू प्रयोगशाळेत कुलपात ठेवलेल्या नाहीत. ज्याला हव्यात तो त्या टॉर्चमध्ये घालू शकतो, हे या मंडळींनी सिद्ध केले.

पण यांची गाडी 'झाक' या शब्दावर अडकली. तापत्या वस्तूच्या प्रकाशाची जी नैसर्गिक रेषा असते, तांबूस ते पिवळट ते पांढरा ते निळसर, तिच्या वर प्रकाश सरकला की हिरवट दिसतो आणि खाली सरकला की गुलाबी. या सरकण्याला डीयूव्ही म्हणतात. हिरवट झाकेत माणूस काविळीतून उठल्यासारखा दिसतो, हे खरे. म्हणून हौशी लोक गुलाबीच्या मागे लागले, आणि आता रात्र-रात्र पांढऱ्या भिंतीवर झोत टाकून तो किती गुलाबी हे पाहत बसतात. अहो, पांढऱ्या भिंतीवर झाक कळते, रंग कसे कळतील? भिंतीला रंगच नाही! दोन टॉर्च पांढऱ्या भिंतीवर जुळ्या बहिणींसारख्या दिसतील, आणि एकीत कुंकू लाल दिसेल, दुसरीत वाळलेल्या रक्तासारखे. काही जण टॉर्चच्या तोंडाला हिरवा शोषून घेणारा जिलेटिन कागद लावतात, आपले नाटकवाले स्पॉटला लावतात तशातलाच. झाक त्याने सुधारते. पण जिलेटिन काढून घेऊ शकतो, घालू शकत नाही. नसलेला लाल त्यातून येणार नाही. गुलाबी म्हणजे खरे नव्हे, ती मुखरंगभूषा आहे. मला विचाराल तर आधी आर९, मग झाक. झाक रेषेवर किंवा किंचित खाली असली की पुरे.

"पण एवढे कशाला? टॉर्च वाट बघायला असते, चित्रे बघायला नव्हे." हा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, आणि तो मला सर्वांत पोकळ वाटतो. वाट कुठली हो आपली? जांभ्याची. तांबडी माती, त्यावर काजूचा नि फणसाचा वाळका पाचोळा, आणि त्यात वेटोळे घालून बसलेली घोणस किंवा बोटभर फुरसे. म्हणजे सगळा तपकिरीचा कारभार. तपकिरी म्हणजे मंद नारिंगी, म्हणजे पर्यायाने लाल-पिवळाच. लाल काढून घेतला की माती, पान आणि अंगावरची नक्षी एकाच करड्या पट्टीत येऊन बसतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, चारही विषारी जाती ज्या भूमीत नांदतात तिथे कुळागरात रात्री पाणी सोडायला जाणाऱ्या माणसाला करड्या रंगाची टॉर्च विकणे, हा मला नुसता अरसिकपणा वाटत नाही.

संध्याकाळच्या मासळी बाजाराचीही तीच कथा. बांगडा घेताना कल्ला उघडून आतला लाल बघायचा, हे आपल्याला आईने शिकवले. वर टांगलेल्या निळसर दिव्यात खवले चांदीसारखे चमकतात आणि ताजा कल्ला व शिळा कल्ला दोन्ही सारखेच काळपट दिसतात. मी खिशातली टॉर्च काढतो. कोळीण हसते, पण भावही सांभाळून सांगते. आणि डॉक्टरांचे म्हणाल, तर शस्त्रक्रियेच्या दिव्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात सीआरआय किमान पंच्याऐंशी लागतो. जिथे जिवाशी गाठ आहे तिथे रंग मोजतात. घरच्या टॉर्चमध्ये पोराच्या पायाची जखम पाहताना तो कुणी मोजत नाही.

जुन्या बल्बचे गोडवेही मी गाणार नाही. सीआरआय शंभर असूनही त्याच्या पिवळ्या उजेडात गडद निळा आणि काळा ओळखता येत नसे. दोन वेगळ्या रंगांचे मोजे घालून शाळेत गेलेल्या पिढीतला मी आहे. कावीळही त्या उजेडात लपते, डोळ्यांचा पिवळेपणा बघायला दिवसाचाच उजेड लागतो. तेव्हा 'पिवळा उजेड तेवढा चांगला' असा माझा दावा नाही. पाच हजार केल्विनचा पांढराशुभ्र प्रकाशही लाल नीट दाखवू शकतो, त्यात लाल घातलेला असेल तर. आणि ज्यांना समुद्रावर किंवा डोंगरावर अर्धा किलोमीटर लांब शोधायचे असते त्यांनी खुशाल थंड, जोरकस झोत घ्यावा. अंतर दुप्पट हवे तर तीव्रता चौपट लागते, तिथे प्रत्येक ल्युमेन मोलाचा. तुमची-माझी वाट दहा पावलांची. तिथे हजाराचे आठशे झाले तर डोळ्याला धड पत्ताही लागत नाही.

दुकानात कुणी सीआरआय सांगणार नाही, हे गृहीत धरा. टॉर्च स्वतःच्या तळहातावर मारून बघा. तळवा जिवंत, लालसर दिसायला हवा. मेणासारखा किंवा हिरवट दिसला तर डबा परत द्या. घरून निघताना खिशात कुंकवाची पुडी किंवा अबोलीचे एखादे फूल घेतले तर आणखी उत्तम. म्हापशाच्या त्या दुकानात मी माझी टॉर्च आणि त्याची दहा हजारी, दोन्ही एकामागून एक दुकानदाराच्याच हातावर मारल्या. तो काही वेळ हात उलटा-सुलटा करून बघत राहिला. मग म्हणाला, "तुमची खंयच्यान हाडली?"