सावलीचे धनी

९ एप्रिल २०२३, रविवार. अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यातल्या पारस गावी बाबूजी महाराज संस्थानात आरतीला माणसं जमली होती. अवकाळी पावसाचं वादळ उठलं. माणसं टिनाच्या शेडखाली धावली आणि शेजारचं जुनं कडुनिंब त्याच शेडवर कोसळलं. सात जण गेले. पुढच्या रविवारी, १६ एप्रिलला, तिकडे खाडीकाठच्या खारघरला 'महाराष्ट्र भूषण' पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला. पुरस्कारार्थींच्या लाखो भक्तांचा जनसमुदाय उघड्या मैदानात तासन्‌तास बसून होता. मंचावर छत होतं, मैदानात नव्हतं. उष्माघाताने चौदा माणसं गेली.

वादळ समुद्राकडचं आणि ऊन वऱ्हाडचं, असं आपण लहानपणापासून धरून चाललो. त्या एका आठवड्यात दोघांनी जागा बदलल्या. ज्यांना हे नवल वाटलं त्यांनी आधीची काही वर्षं आठवून पाहावी. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-अलिबागच्या पट्ट्यात धडकलं, सुपारी-नारळाच्या वाड्या आडव्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी विरत विरत पश्चिम विदर्भावर येऊन पोचलं. अरबी समुद्राचं पाणी तापत चाललं आहे आणि तिथली वादळं जोर धरू लागली आहेत, हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतले संशोधक कित्येक वर्षं सांगत आहेत. समुद्रावरून आलेली ओल आणि वरची कोरडी थंड हवा एकमेकींना भिडल्या की ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या हरभऱ्यावर गारा पडतात. अमरावती जिल्ह्यातल्या आपल्या नांदगाव खंडेश्वरपासून समुद्र शेकडो मैल लांब असेल, पण त्याच्या तब्येतीचा हिशेब आता आपल्या शेतात होतो.

ऋतूंचे आकडे तर पाठ व्हावेत इतक्या वेगाने मोडत आहेत. २०२२ चा मार्च हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत तापलेला मार्च ठरला. २०२३ च्या फेब्रुवारीने कमाल तापमानाचा विक्रम मोडला. २०२३ चाच ऑगस्ट हा सव्वाशे वर्षांतला सर्वांत कोरडा ऑगस्ट निघाला. शेंगा भरायच्या दिवसांत सोयाबीन वाळलं. २०२५ चा फेब्रुवारी सरासरी तापमानात पुन्हा सगळ्यांच्या वर गेला. फेब्रुवारीत गव्हाचा दाणा भरत असतो, संत्र्याचा आंबिया बहर झाडावर असतो. ऊन लवकर चढलं की दाणा बारीक राहतो आणि एप्रिल-मेमध्ये बोराएवढी फळं झाडाखाली सडा पडल्यासारखी गळतात. हे शास्त्र कास्तकाराला समजावून सांगावं लागत नाही.

पण मला आज ढगांवर आणि पाऱ्यावर आरोप ठेवायचा नाही. आरोप आपल्यावर आहे. तापमान किती चढेल ते आपल्या गावाच्या हाती नाही, हे मान्य. त्या उन्हात कोण उभं राहील आणि सावलीत कोण बसेल, हे मात्र आपण ठरवतो. दरवर्षी ठरवतो. आणि ठरवून झाल्यावर त्याला निसर्ग म्हणतो, दैव म्हणतो, फारच झालं तर कलियुग म्हणतो.

आधी एक साधी गोष्ट. वर्तमानपत्रात 'अमरावती ४५ अंश' असं छापून येतं, तो आकडा सावलीतला असतो. जमिनीपासून चार-पाच फूट उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या झडपांच्या लाकडी पेटीत, वारा खेळेल अशा बेताने तापमापक ठेवलेला असतो. ऊन थेट त्याच्यावर पडत नाही. म्हणजे सरकारी तापमापकाला आपण जी सावली दिली, ती काळ्या रानात वाकून काम करणाऱ्या बाईला दिली नाही. तिच्या डोक्यावरचं ऊन आणि पायाखालच्या तापल्या मातीची झळ कोणत्याच नोंदवहीत येत नाही.

ही बाई मे महिन्यात काय करते, ते शहरातल्या वाचकासाठी सांगतो. पऱ्हाटी उपटून झाली, वखरण झालं, की शेतात धसकटं उरतात. पेरणीच्या आधी ती वेचावी लागतात. पापळ असो, मंगरूळ चव्हाळा असो की धानोरा गुरव, या तालुक्यात कुठेही उन्हाळ्यात फिरा, बायांची ओळ दिसेल: डोक्याला-तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट लुगड्यावर चढवलेला, कमरेतून वाकलेली. धसकट उपसायचं, माती झटकायची, ढिगावर टाकायचं. तळहाताला चिरा पडतात. बांधावर एखादी बाभूळ असेल तर तिच्याखाली तान्हं पोर झोळीत. बाभूळ नसेल तर पोर घरी, चार वर्षांनी मोठ्या बहिणीच्या ताब्यात. आणि त्या बहिणीची शाळा सुरू झाल्यावरही पोर तिच्याच ताब्यात.

आता विचारा, ही बाई पहाटेच कामाला का लागत नाही? सकाळी सहाला सुरू करून दहा-अकराला परतली तर निम्मं संकट टळेल, हे तिलाही कळतं. तरी बऱ्याच गावांत बायांची मजुरीची वेळ दहा-अकराला सुरू होऊन पाचला सुटते. ऐन डोक्यावरचं ऊन तेवढं नेमकं तिच्या वाट्याला! कारण तिची पहाट आपण आधीच घेऊन ठेवली आहे. पहाटे उठून ती नळाची, टँकरची किंवा हापशीची वाट पाहते. सडा-सारवण, भाकरी, म्हातारीचं औषध, पोरांच्या आंघोळी, ढोराचं शेण. या सगळ्यात घरातला पुरुष हात लावत नाही. हात लावला तर चारचौघांत हसं होईल अशी त्याला भीती. एका घागरीला आणि चार भाकरींना पुरुषाचा हात लागला असता तर जी बाई सकाळच्या गारव्यात काम उरकून सावलीला आली असती, ती बारा वाजता रानात वाकलेली आहे. उष्माघाताची कारणं मोजायला बसलात तर हवामान खात्याच्या आधी आपल्या ओसरीवर या. तिथे सकाळी सात वाजता खाटेवर बसून चहाची वाट पाहणारा जो आहे, तो एक कारण आहे.

शेतमालकाची बाजू मी जाणतो. चार-पाच एकर कोरडवाहूचा धनी स्वतःच मजुरांच्या बरोबरीने वखर हाकतो. कपाशीचा भाव, बियाण्याची उधारी आणि बँकेची नोटीस या तिहींत त्याचाच जीव टांगणीला असतो. त्याला मी पहिल्या नंबरचा गुन्हेगार म्हणणार नाही. पण पाण्याचं काय? शेतावर मजुरांसाठी एक रांजण, वर ओलं फडकं आणि दोन पेले ठेवायला कोणतं कर्ज काढावं लागतं? आजही कितीतरी बाया घरून प्लास्टिकची बाटली आणतात. अकरा वाजता ते पाणी चहाला ठेवल्यासारखं तापतं, दोनला संपतं. मग तहान मारून काम. आणि जिथे मालकाचं पाणी आहे, तिथे कुठे कुठे अजून मजुराला ओंजळीत वरून ओततात. का, ते सगळ्यांना माहीत आहे, आणि म्हणूनच कुणी बोलत नाही. गाडगेबाबा याच जिल्ह्याचे. तहानलेल्याला पाणी आणि बेघराला आसरा हाच त्यांच्या शिकवणुकीचा गाभा. त्यांच्या पुण्यतिथीला आपण झाडू हातात धरून फोटो काढतो, आणि तेच हात शेतात गडवा उंच धरून पाणी ओततात.

जे माझे खरे आरोपी आहेत ते मात्र सावलीत बसलेले आहेत. कचेऱ्यांत कूलर आहेत. बैठक वातानुकूलित दालनात होते आणि तिच्यात उन्हाळ्यातल्या कामांचं उद्दिष्ट ठरतं. रस्ता रुंद करणाऱ्या ठेकेदाराला दोन्ही बाजूंचे निंब आणि बाभळी तोडायला चार दिवस पुरतात. बदल्यात लावायच्या रोपांचे खड्डे तेवढे वर्षानुवर्षं खड्डेच राहतात. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून गेला. त्याच्या काँक्रीटवर भर मेमध्ये उभं राहून काम करणारी माणसं कुठून आली आणि कशी राहिली, हे विचारायला आपण कितीजण गेलो? उद्‌घाटनाच्या बातम्या मात्र सगळ्यांनी वाचल्या.

खारघरकडे पुन्हा वळतो, कारण ती घटना मला सर्वांत जास्त सलते. तिथे गरिबी आड आली नव्हती. राज्याचा सर्वोच्च सन्मान होता, सरकारी यंत्रणा होती, पैसा होता, महिनाही एप्रिलचा होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. किनारपट्टीचं ऊन वेगळं असतं. हवेत ओल असली की घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर शरीराला थंड होण्याचा मार्ग उरत नाही. म्हणूनच हवामान खातं किनाऱ्यावर ३७ अंशांनाच उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू करतं, मैदानी भागात ४० ला. हे ज्ञान सरकारच्याच एका खात्यात पडून होतं. तरीही मंचावर मांडव आणि भक्तांना ऊन, ही रचना कुणाला तरी आखावी लागली, कुणाला तरी मंजूर करावी लागली. ती पाहून एकानेही 'आधी यांना सावली द्या, मग कार्यक्रम करा' असं म्हटलं नाही. सामान्य माणसाचं सहन करणं आपल्याला इतकं गृहीत वाटतं की ते आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. श्रद्धा असेल तर तो आणखी सहन करतो, आणि आपण त्याच्या सोसण्यालाच भक्ती म्हणून गौरवतो.

खारघर एकटं नाही. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळाची सूचना काही दिवस आधी आलेली होती. तरी बॉम्बे हायजवळचा पी-३०५ हा बार्ज बंदरात परतला नाही. तो बुडाला आणि सत्तरहून जास्त कामगार गेले. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर जाहिरातीचा प्रचंड फलक पडला, सतरा माणसं दगावली. परवानगी चाळीस फुटांपर्यंतच्या फलकांना आणि हा उभा होता सुमारे १२० फुटांचा. यातल्या कोणत्या मृत्यूला नैसर्गिक म्हणायचं? वारा नैसर्गिक होता. फलक नव्हता.

कायदाही सावलीतल्यांनीच लिहिलेला दिसतो. केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत थंडीची लाट आणि गारपीट आहे. उष्णतेची लाट वर्षानुवर्षं तिच्याबाहेर राहिली. गारा पडल्या की तलाठी पंचनाम्याला येतो, सातबारा पाहतो, हेक्टरी मदत लिहितो. ती मदत अपुरी आणि उशिराची असते हे खरंच, आणि त्यासाठी भांडलंच पाहिजे. पण ज्याच्या नावे सातबाराच नाही त्याचं काय? गारपिटीने हरभरा झोपला की सोंगणीची मजुरीही झोपते. उन्हाने चार दिवस काम बंद राहिलं तर चार दिवसांची चूल बंद. त्या बुडालेल्या मजुरीला पंचनाम्यात रकाना नाही.

'ऊन काय आपल्या हाती हाये काय बाप्पा?' हे वाक्य आपल्याकडे पारावर हमखास ऐकू येतं. अहमदाबादच्या लोकांनाही असंच वाटत असेल. २०१० च्या मे महिन्यात तिथे उन्हाने भयंकर बळी घेतले. २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला: आधी इशारा, दवाखान्यांत तयारी, पाणपोया, कामाच्या वेळा बदलणं, आणि पुढे झोपडपट्टीच्या छतांना पांढरा चुना. देशातला तो पहिला प्रयत्न. पुढे नागपूरनेही तशी योजना केली. २५ मे २०२४ ला अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला तेव्हा जिल्हा प्रशासनाने १४४ कलम लावलं. मालकांनी कामगारांना पाणी व सावली द्यावी, दुपारी शिकवणी वर्ग बंद ठेवावेत, असा आदेश निघाला. म्हणजे ऊन हाती नसलं तरी बरंच काही हाती असतं. 'सेवा' या कष्टकरी बायांच्या संघटनेने तर तापमान ठरल्या आकड्यापलीकडे गेलं की मजूर बाईला पैसे मिळतील असा विमाही करून दाखवला. अकोल्याचा तो आदेश शहराच्या बाहेर, गावच्या शिवारात किती पोचला, हा प्रश्न विचारणारं आपल्यात कुणी नव्हतं, एवढंच.

डॉ. पंजाबराव देशमुख याच नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या पापळचे. मंदिराचं दार ज्यांना बंद होतं त्यांच्यासाठी अमरावतीच्या अंबादेवीपुढे ते १९२७ च्या सुमारास उभे राहिले. पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. त्यांचा पुतळा, त्यांच्या नावाचं विद्यापीठ, त्यांच्या संस्थेची शाळा-महाविद्यालयं, हे सगळं आपण अभिमानाने मिरवतो. पण त्यांच्या काळी देवळाच्या दाराशी जी रेघ होती, ती आज सावलीच्या कडेला आहे. रेघेच्या आत कोण आणि बाहेर कोण, याची यादी शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. धसकटं वेचणाऱ्या ओळीत कोणत्या वस्तीतल्या बाया असतात, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

दरवर्षी १ मे रोजी ग्रामसभा असते. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकाच दिवशी, आणि उन्हाळा ऐन भरात. त्या सभेत घरकुलाच्या यादीवर भांडणं होतात, रस्त्यावर होतात, होऊ द्या. यंदा त्यात आणखी चार ठराव मांडा. मे महिन्यात शेतमजुरी आणि रोजगार हमीचं काम सकाळी सहा ते अकरा, आणि मजुरी पूर्ण दिवसाची. दर शिवारात, पांदणीच्या तोंडाशी, रांजण भरून ठेवण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची, आणि पेला सगळ्यांना एकच. गावातलं एकही मोठं झाड ग्रामसभेला विचारल्याशिवाय तुटणार नाही. जे पोकळ झालं असेल ते तपासून घ्यायचं, आणि वादळात टिनाच्या शेडखाली नव्हे तर शाळेच्या पक्क्या इमारतीत लोकांना नेण्याची किल्ली कुणाकडे आहे ते फलकावर लिहायचं. आणि नळाला पाणी येण्याची वेळ बदलून संध्याकाळची करायची, म्हणजे बाईची पहाट मोकळी होईल.

सभेची वेळही त्या बायांना विचारून ठरवा. दुपारी बारा वाजता सभा बोलावली, तर ज्यांच्याबद्दल ठराव करायचा त्या तेव्हा रानात असतील.